इथं सोडायचं

हेमा ढेबेला स्वतःच्याच हातांचा हेवा वाटू लागला, हे तिनं कुणाला सांगितलं असतं तरी कुणी खरं मानलं नसतं. माणूस शेजारणीच्या साडीचा हेवा करतं, जावेच्या दागिन्यांचा करतं, फार तर बहिणीच्या संसाराचा करतं. पण आपलेच दोन हात दुसऱ्या बाईच्या मनगटांवर बसून कौतुक करून घेताहेत आणि आपण दारात उभं राहून बघतोय, असलं दुखणं तोवर कुणाला झालंच नव्हतं. हेमाला झालं, कारण ते यंत्र सगळ्यात आधी तिच्या हातांवरून बनलं.

माथेरानात ई-रिक्षा येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी दस्तुरी नाक्यापासून पॉइंटांपर्यंत लोक हौसेनं घोड्यावरूनच जायचे. घोडे चारेकशे. त्यांचे खांदे, पाठी, मांड्या सांभाळणारी जागा एकच, बाजारामागची पत्र्याची लांब शेड, आणि तिथली मुख्य म्हणजे हेमा. वय त्रेपन्न. लग्न केलं नव्हतं. विचारलं तर सवड झाली नाही म्हणायची. बाप घोडेवाला होता आणि हाताची विद्या त्याची. वर तिनं जनावरांच्या फिजिओथेरपीचा रीतसर कोर्सही केला होता. औषध नाही, सुई नाही, नुसता हात. लंगडत आलेला घोडा पंधरवड्यात उतार उतरायला लागायचा. मुंबईची हौशी मंडळी कंबर धरलेली कुत्री घेऊन यायची, तीही शेपूट हलवत परत जायची.

यात जादू काही नव्हती. कातडीत काही नसा अशा असतात की टोचणं, भाजणं असल्या गोष्टींत त्यांना काडीचा रस नसतो. त्यांना कळतो तो फक्त हळू फिरणारा, उबदार हात. सेकंदाला तीन-चार सेंटिमीटर. त्याहून जलद नको आणि फार सावकाशही नको. हा वेग साधला की त्या नसा मेंदूला निरोप देतात की धोका नाही. मग हृदयाचे ठोके उतरतात, श्वास लांबतो, घोडा मान खाली घालून ओठ चाटू लागतो. हे झालं वरवरचं. आत प्रत्येक स्नायूभोवती एक पातळ आवरण असतं. ते एखाद्या जागी चिकटून बसलं की तिथला ताण भलतीकडे जातो आणि जनावर पाऊल आखूड टाकू लागतं. सरावलेल्या बोटांना ती जागा कणकेतल्या गुठळीसारखी लागते.

पुण्याच्या एका कंपनीनं ही सगळी विद्या हातमोज्यात बसवली. मोज्याच्या आत सहाशे बारीक फुगे होते, पाण्यानं भरणारे आणि रिकामे होणारे. तळव्याला ध्वनिलहरींची पट्टी होती, ती चार सेंटिमीटर आतला स्नायू किती ताठ आहे ते वाचायची. हेमानं चार महिने तो मोजा घालून अकरा घोडे आणि सहा कुत्री हाताळली. हात चालवताना काय करतेय ते तिनं तोंडानंही सांगायचं होतं, आणि कंपनीचा एक चष्मेवाला पोरगा शेजारी बसून ते टिपून घ्यायचा. असं करत यंत्र तिचा हात शिकलं. मग तोच मोजा दुसऱ्या कुणीही घातला, की आतले फुगे त्याच्या बोटांना ढकलत, थोपवत, दाबत बरोबर न्यायचे. मनगट कुणाचंही असो, हात हेमाचा. घोडेवाल्यांनी त्याचं नाव ठेवलं पंजा. बघता बघता दीडशे पंजे देशभर गेले. हेमाचा सत्कार झाला, शाल मिळाली, फोटो निघाला.

आणि त्याच वर्षी तिच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी असलेला सांधा पार झिजलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. दाब द्यायला गेली की अंगठा थरथरायचा. घोड्याला थरथर आवडत नाही. घोडा बाजूला सरकायचा.

तेव्हा पंजा घालून कामाला उभी राहिली केतकी घावरे. वय सव्वीस, गावचीच. तीन वर्षांपूर्वी ती मोठ्या हौसेनं शिकायला आली होती, आणि सहाव्या महिन्यात हेमानं तिला सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं की तुझा हात घाईचा आहे, हे तुझं काम नव्हे. तेव्हापासून पोरगी बिचारी टेबलाशी बसून जनावरांचे नंबर लावत होती. तिनं पंजे चढवले आणि पहिल्याच दिवशी घोडेवाल्या गफूरचाचांच्या जिलबीनं तिच्या खांद्यावर मान टाकली.

जिलबी म्हणजे लालसर घोडी. लहानपणी बांधून ठेवली की खुंट्याभोवती गोल गोल फिरायची, म्हणून गफूरचाचांच्या बायकोनं ठेवलेलं नाव. बायको गेली, मुलगी सासरी खाली नेरळला. चाचांच्या घरात बोलायला आता ही एक घोडीच. नऊ वर्षं जिलबीला हेमानं सांभाळलं होतं. नऊ वर्षांत त्या घोडीनं हेमाच्या खांद्यावर मान टाकली ती फार तर चार वेळा. आणि इथं, ज्या पोरीला धड खरारा करता यायचा नाही तिच्या खांद्यावर, आल्या आल्या? हेमा सरळ मागच्या नळावर जाऊन उगाच बादल्या घासत बसली.

पुढं तिला नादच लागला. जिलबी ओठ कधी चाटते ते ती मनातल्या मनात मोजायची. केतकीकडे चाळीस सेकंद. स्वतः हात लावून बघितला तर तीन मिनिटं, वर एकदा कान मागं. केतकी शिट्टी घालते, घोड्यांच्या अंगावर सेंटचा वास सोडते, केस मोकळे ठेवते, असली कुसपटं ती दिवसभर काढायची. केतकी सगळ्याला बरं ताई म्हणायची आणि केस बांधायची, त्यानं तर हेमाचा आणखीच जळफळाट व्हायचा. ती उलटून बोलली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

कळस केला खारकेनं. खारीक म्हणजे हेमाची स्वतःची म्हातारी कुत्री, मागचे पाय धरलेली. एका दुपारी हेमानं डब्यातली पोळी पुढं केली, तर खारीक पोळीचा वास घेऊन उठली, लंगडत शेड ओलांडून गेली आणि केतकीच्या पायाशी आडवी झाली, मला हात लाव म्हणून. हेमानं ती पोळी स्वतःच खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं ते चटणीनं, असं तिनं ठरवून टाकलं.

गणपतीच्या दिवसांतली गोष्ट. केतकी जिलबीला हाताळत होती आणि हेमा नेहमीसारखी चुका शोधत बघत होती. खांद्याच्या पसरट हाडामागं, जिथं खोगिराची पुढची कड बसते, तिथं आल्यावर केतकीचा पंजा अलगद उचलला गेला आणि चार बोटं पुढं जाऊन टेकला. हेमाला आनंद झाला. चुकली एकदाची. पण पुढच्या घोड्यालाही पंजा तिथंच उचलला. त्याच्या पुढच्यालाही. मग आलेल्या एका लॅब्रडॉरच्या मांडीपाशीही तसंच. केतकी चुकत नव्हती. पंजाच तिला तिथून उचलून नेत होता.

हेमा घरी जाऊन विचार करत बसली आणि तिला आठवलं. त्या चार महिन्यांत त्या जागी आल्यावर दर वेळी ती म्हणायची, इथं सोडायचं. बापाचा शब्द. बाप म्हणायचा, सगळं फिरवून झालं की अडलेल्या जागी तळहात ठेव, अंगाचं वजन दे आणि मग सोड. दाबू नको, चोळू नको, हलूसुद्धा नको. दोन मिनिटं, चार मिनिटं, लागतील तेवढी. आतला गोळा आपण होऊन सुटेपर्यंत. ढेब्यांच्या घरात 'सोडणं' म्हणजे हे. सगळी विद्या तिथं होती, बाकीचं नुसतं तिथं पोचायचं म्हणून. चष्मेवाल्या पोरानं काय ऐकलं? इथं सोडायचं. म्हणजे ही जागा सोडून द्यायची. त्यात पडद्यावर काय दिसत होतं, तर दोन-तीन मिनिटं हात जागचा हलत नाहीये. बाई दम खाताहेत, असं वाटलं असेल त्याला. त्यानं त्या जागेवर 'वगळा' अशी खूण केली आणि यंत्र ते इमानदारीनं शिकलं. आकडे तर सगळे छानच येत होते. ठोके उतरत होते, स्नायू सैल दिसत होते. जिथं पंजा जातच नव्हता तिथलं मोजणार कोण?

याचा अर्थ तिला दुसऱ्या कुणापेक्षाही चांगला कळत होता. जनावराला बरं वाटणार, ते पंजाच्या प्रेमात पडणार, आणि खोगिराखालचा तो गोळा रोज तसूतसूनं घट्ट होत जाणार. दोन-अडीच महिन्यांत पाऊल आखडणार. दिवाळीनंतर नगरपालिकेचे डॉक्टर येणार, दरवर्षीप्रमाणे घोडे उतारावर चालवून बघणार, आणि ज्याची चाल सरळ नाही त्याचा बिल्ला काढून घेणार. बिल्ला गेला की घोडा डोंगरावर ठेवता येत नाही. खाली जातो, विकला जातो, आणि विकलेल्या म्हाताऱ्या घोड्याचं पुढं काय होतं हे माथेरानात कुणी तोंडानं बोलत नाही.

एक फोन केला असता की काम झालं असतं. हेमानं फोन हातात घेतलासुद्धा. मग तिच्या डोळ्यांपुढं केतकीच्या खांद्यावरची ती मान आली, आणि तिनं फोन ठेवून दिला. उद्या करू म्हणाली. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणाली. खरं सांगायचं तर तिला बघायचं होतं. जिलबी लंगडलेली बघायची होती, आणि गफूरचाचा धावत येऊन म्हणताहेत की ताई, ते यंत्र काढा, तुमचाच हात बरा, हे ऐकायचं होतं. इतकं वाईट आपण कधी कुणाचं चिंतलं नव्हतं हे तिला कळत होतं, आणि कळूनही ती गप्प राहिली.

वाईटाहून वाईट म्हणजे सोडायला अंगठा लागतच नाही. नुसता तळहात लागतो, आणि तो तिचा शाबूत होता. रोज पाच मिनिटं जिलबीपाशी उभी राहिली असती तरी भागलं असतं. पण मग जिलबी ठणठणीत राहणार आणि नाव होणार केतकीचं. ते कसं चालेल? खारकेला मात्र ती घरी रोज सकाळी चहा झाला की पुढ्यात घेऊन सोडत होती. स्वतःच्या कुत्रीपुरता तिला धीर निघाला नाही.

दिवाळी झाली. जिलबी उतारावर आखडू लागली. गफूरचाचा आले, पण त्यांनी हेमाला हाक मारली नाही, केतकीलाच सांगितलं. केतकीनं एकाच्या जागी दोन वेळा उपचार केले. पंजा दोन्ही वेळा ती जागा वगळून पुढं गेला. मग एका सकाळी इको पॉइंटच्या वळणावर जिलबी गुडघ्यांवर बसली. पाठीवरच्या बाईला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण गाव बघत होतं. आणखी सात घोड्यांची तीच गत होती. डॉक्टर यायला आठ दिवस राहिले होते. गफूरचाचांनी जिलबीला शेडमध्ये आणून बांधलं आणि तिच्या पुढ्यात खाली बसून राहिले. हेमाला जे ऐकायचं होतं ते मात्र म्हणाले नाहीत.

दुपारी चाचा जेवायला गेल्यावर केतकीनं दोन्ही पंजे काढून हेमाच्या टेबलावर ठेवले. उद्यापासून येणार नाही म्हणाली. खाली कर्जतला मामाच्या दुकानात बसेन म्हणाली.

"तुम्ही म्हणाला होतात ना ताई, माझा हात घाईचा आहे. तेच खरं. एवढं यंत्र दिलं तरी मी घोड्यांची माती केली."

हेमा जिंकली होती. अगदी जसं पाहिजे होतं तसं, वर केतकी रडतही नव्हती, म्हणजे सांत्वनाचाही त्रास नाही. पण पोरगी पुढं बोलली.

"एक सांगू? मला तुमचा फार हेवा वाटायचा. लोक म्हणतात जिलबीनं केतकीच्या खांद्यावर मान टाकली. ती माझ्या खांद्यावर नाही टाकायची. ती तुमच्या हातापाशी यायची. पंजा काढून मी गेले ना, तर ती मला ओळख पण दाखवायची नाही. तुमची खारीक पण नाही. मी रोज बघायचे."

म्हणजे इतके दिवस या शेडमध्ये दोन बाया एकमेकींचा हेवा करत होत्या, आणि तोही एकाच हातावरून. हेमाला हसू आलं. ती खुर्चीतून उठली आणि नुसतं चल म्हणाली.

जिलबीपाशी नेऊन तिनं केतकीचा उघडा हात धरला, खोगिराच्या जागी टेकवला आणि त्यावर आपला ठेवला. हळू आवाजात सगळं सांगितलं. सोडणं म्हणजे काय, पोरानं काय ऐकलं, यंत्र काय शिकलं. अंगाचं वजन दे म्हणाली, खांदा सैल ठेव म्हणाली, आणि आता काहीही करू नकोस म्हणाली. केतकीचा हात सुरुवातीला चुळबुळला, मग थांबला. हेमाला वाटत होतं मिनिटाभरात कंटाळेल. नाही कंटाळली. चौथं मिनिट संपता संपता त्या दोन हातांखाली जिलबीच्या आत काहीतरी सरकलं, कातडी थरारली, घोडीनं मोठा सुस्कारा सोडला आणि मान जमिनीपर्यंत खाली नेली. पंजाशिवाय, केतकीच्या उघड्या हाताखाली. हेमाला अभिमान वाटला, आणि मेलं त्याच क्षणी पुन्हा हेवाही वाटलाच.

केतकी घोडीकडे बघत होती. मग तिनं साध्या आवाजात विचारलं, "पंजानं मी चौदा कुत्री केली, ताई. सगळ्यांच्या मांड्या धरल्या. एकटी खारीक चांगली चालतेय. तिला तुम्ही घरी सोडता का?"

"हो."

"कधीपासून?"

आज आठवलं, असं म्हणता आलं असतं. पोरीनं विश्वास ठेवला असता. तिचा विश्वास ठेवायचा स्वभावच होता. शब्द हेमाच्या ओठांवर आलाही होता. पण तिच्या तळव्याखाली केतकीचा उघडा हात होता, उबदार आणि सैल, आणि जन्मभर ज्या हातानं जनावरांशी खोटं केलं नाही त्या हाताखाली ते जमेना.

"गणपतीपासून," ती म्हणाली.

केतकीनं मनात हिशेब केला असावा. तिनं हात काढून घेतला नाही, कारण जिलबी अजून पुरती सुटली नव्हती. पण तो हात आखडला. बोटांच्या मुळापासून मनगटापर्यंत स्नायू एकेक करून ताठ होत गेले ते हेमाला तळव्याला कळत होतं. घोड्याचं असं झालं असतं तर काय करायचं हे तिला पक्कं माहीत होतं. इथं तिला काहीसुद्धा सुचलं नाही.

"म्हणजे माझा हात घाईचा नव्हता, ताई."

"नव्हता," हेमा म्हणाली.

एवढंच. नंतरचे आठ दिवस दोघी सकाळपासून अंधार पडेपर्यंत शेजारी शेजारी उभ्या राहून घोडे सोडत होत्या. पंजे कपाटात होते. गफूरचाचांनाही केतकीनं तळहात ठेवायला शिकवलं. कंपनीला त्याच दिवशी कळवलं होतं, चौथ्या दिवशी सगळ्या पंजांमध्ये दुरुस्ती गेली. कंपनीच्या कागदावर चूक कधी लक्षात आली असा एक रकाना होता. तो केतकीनं भरला आणि त्यात गणपतीतली नव्हे, कळवलं त्याच दिवसाची तारीख घातली. हेमानं ते वाचून तिच्याकडे पाहिलं, पण ती पुढच्या घोड्याकडे गेली होती. जिलबी डॉक्टरांसमोर उतार सरळ उतरली. बिल्ला राहिला. आठातले दोन घोडे मात्र नापास झाले आणि खाली गेले.

केतकी कर्जतला गेली नाही. माघात कंपनीची माणसं हेमाचं सोडणं नीट टिपून घ्यायला पुन्हा आली, तेव्हा शब्दाशब्दाचा अर्थ फोडून सांगायला तीच शेजारी बसली होती. पोरगी फार चांगलं समजावते. मॅडम इथं सोडायचं म्हणतात त्याचा अर्थ असा असा, असं तिनं सुरू केलं आणि हेमाला क्षणभर कळेना की ही मॅडम कोण. त्या दुपारनंतर केतकी तिला कधीच ताई म्हणाली नव्हती. मॅडम, चहा ठेवलाय. मॅडम, लॅब्रडॉर आलाय. इतक्या आदबीनं की तक्रार करायला जागा नाही. तीन वर्षं हेमाला वाटत होतं या पोरीनं आपल्याला जरा मोठं मानून वागावं. आता ती तसं वागत होती.

परवा शेड झाडायला एक नवीन बाई लागल्या. तिसऱ्या दिवशी केतकीनं त्यांना हाक मारली, अहो ताई, जरा बादली द्या. घोड्याच्या पाठीवर तळहात ठेवून उभ्या असलेल्या हेमानं ते ऐकलं, आणि त्या बाईंचा तिला इतका हेवा वाटला की हाताखालचा घोडा बाजूला सरकला.